नोंदवणे, टिपणे की नाव घालणे?

प्रश्न असा आलाय की एक जण तालमीतल्या जुन्या ढाली, फोटो, कप, मुदगल असं सगळं मोबाईलच्या यादीत चढवालाय, आणि त्याला 'नोंदवणे'ला असा समानार्थी शब्द पाहिजे की ज्यात वहीत लिहिणंपण आलं आणि वस्तूवर चिठ्ठी लावणंपण आलं, कारण इंग्रजीत म्हणे टॅग म्हटलं की भागतंय.

भावा, असा एकच शब्द शोधत बसू नको. मराठीत शाई कुठं पडली त्यावर क्रियापद ठरतंय. वहीत पडली तर नोंद, वस्तूवर पडली तर खूण नाहीतर शिक्का.

आता नोंदवणे बघ. तक्रार नोंदवतात, गोल नोंदवतात, निषेध तर कुठल्याच वहीत न लिहिता नोंदवतात, म्हणजे त्यात 'उद्या कुणी विचारलं तर आम्ही सांगितलं होतं' असा भाव आहे. टिपणे त्यापेक्षा हलकं. पाखरू दाणा टिपतं, टीपकागद शाई टिपतो, लागतं तेवढंच उचलायचं. म्हणून 'नंबर टिपून घे' हे घरातलं वाटतं आणि 'नंबर नोंदवून घे' म्हटलं की पोलिस स्टेशनात बसल्यासारखं वाटतंय. तुझ्या यादीला टिपणे चालणार नाही, कारण तिथं फुटलेला कपसुद्धा यायला पाहिजे, निवड करून कसं चालंल? (टीप आणि टाचण हे दोन्ही शब्द शिंप्याकडंही आहेत, आधी टाचायचं मग टीप मारायची, पण तो विषय लांबंल.) खतावणे म्हणजे किर्दीतली, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली, रक्कम ज्याच्या त्याच्या खात्याला नेऊन लिहिणे, ते व्यापाऱ्यांचं, तुझ्या कामाचं नाही.

जमिनीच्या कामात तर दोन पायऱ्याच आहेत. तलाठ्याकडं आधी गाव नमुना ६ म्हणजे फेरफार वहीत नोंद धरतात, ती मंजूर झाली की मग सातबाऱ्याला नाव लागतं. नोंद आधी, नाव मागनं. आणि नाव लावणे, नाव घालणे, नाव ठेवणे यात गल्लत करू नको, ढालीला नावं ठेवलीस तर वस्तादच बोलवून घेतील.

नाव घालणे मात्र मला लई आवडतं. कोल्हापुरात महाद्वार रोडला भांडं घेतलं की दुकानदार विचारतोच, "नाव घालायचं काय?" आणि मग मशीन घेऊन बसलेला माणूस टर्रर्र करत काठावर नाव उठवतो. आमच्या आज्जीच्या पितळी पातेल्यावर तर छिन्नीनं ठोकलेले ठिपके ठिपके आहेत, तिचं नाव, आजोळचं गाव, लग्नाचं साल, सगळं. तिथं वही आणि चिठ्ठी एकच झालीय बघ, पातेलंच रजिस्टर. पण फोटोवर ठिपके कसे ठोकणार?

तर माझं मत, लायब्ररीवाल्यांचा शब्द उचल. तिथं पुस्तक आलं की दाखल करतात, रजिस्टरला आणि पुस्तकावर एकच दाखल क्रमांक पडतो. तुझ्या यादीत पहिलं बटण 'दाखल करा' आणि दुसरं 'नंबर घाला'. 'चिन्हांकित करा' तेवढं लिहू नको, तालमीत कुणी ते बटण दाबणार नाही.