वाचकांचे प्रश्न : कार्डावरून चालणारा जुना कॅमेरा

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून घड काढणीपर्यंत एकाच वेलीची छायाचित्रे ठरावीक वेळाने आपोआप निघावीत आणि हंगामाअखेर त्यांची चित्रफीत व्हावी, अशी इच्छा आहे. त्यासाठी मिळणारे खास कॅमेरे आम्हाला परवडत नाहीत. घरात कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस हा जुना कॅमेरा पडून आहे. पुण्यात शिकणारा पुतण्या म्हणतो की, त्यात फुकटचे सॉफ्टवेअर घालून हे काम होईल. त्याने कॅमेरा कायमचा बिघडणार तर नाही ना? (एक द्राक्षबागायतदार)

उत्तर : आपला पुतण्या म्हणतो ते खरे आहे. त्या सॉफ्टवेअरचे नाव कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट, म्हणजे सीएचडीके. ते मुक्तस्रोत आहे, त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते आणि कॅनन कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपली मुख्य शंका बिघाडाची आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या आतल्या मूळ प्रणालीत काहीच लिहीत नाही. ते मेमरी कार्डावर राहते, कॅमेरा सुरू झाल्यावर त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत उतरते, मूळ प्रणालीच्या शेजारी चालते आणि कॅमेरा बंद केला की भाडेकरूने खोली रिकामी करावी तसे निघून जाते. कार्ड काढून दुसरे घातले की आपला ए५९० जसा विकत घेतला होता तसाच चालेल.

मात्र सीएचडीकेची प्रत प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी असते आणि त्याच मॉडेलमध्येही आतल्या प्रणालीच्या आवृत्तीनुसार वेगळी असते. चुकीची प्रत घातल्यास बहुधा कॅमेरा नुसता सुरू होत नाही किंवा मध्येच बंद पडतो. तरीही अंदाजाने प्रत निवडू नये. संगणकावर चालणारे ‘स्टिक’ नावाचे छोटे साहाय्यक सॉफ्टवेअर मिळते. त्याला आपल्या कॅमेऱ्याने काढलेले, कोणताही फेरफार न केलेले एक छायाचित्र दिले की ते मॉडेल आणि आवृत्ती ओळखते, योग्य प्रत उतरवून घेते आणि कार्ड तयार करून देते. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र त्यासाठी चालत नाही, कारण त्यातली कॅमेऱ्याची माहिती पुसली गेलेली असते.

कार्ड तयार झाल्यावर त्याच्या कडेची लहान खिट्टी ‘लॉक’ बाजूला सरकवून ते कॅमेऱ्यात घालावे. कुलूपबंद कार्डावर आरंभाची खूण दिसली की कॅमेरा त्यावरचे सॉफ्टवेअर सुरू करतो. कार्ड लॉक असूनही छायाचित्रे त्यावर लिहिली जातात, कारण सीएचडीके त्या कुलपाकडे दुर्लक्ष करते. आपल्या कॅमेऱ्याच्या पिढीसाठी ४ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड फॅट १६ या साठवणीच्या पद्धतीने तयार (फॉरमॅट) केलेले बरे. मोठे कार्डही वापरता येते, पण त्याचे दोन भाग पाडावे लागतात आणि आपल्या कामाला त्या खटाटोपाची गरज नाही.

ठरावीक वेळाने छायाचित्र काढण्यासाठी एक छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लागते. ती यूबेसिक किंवा लुआ या भाषेत लिहितात. अशा तयार स्क्रिप्ट भरपूर मिळतात, पण स्वतः लिहिली तरी ती चार-पाच ओळींचीच होते : शूट हा आदेश, मग स्लीप हा आदेश आणि पुन्हा पहिल्या ओळीकडे. स्लीपला वेळ मिलिसेकंदांत द्यावा लागतो, त्यामुळे अर्ध्या तासासाठी १८,००,००० हा आकडा घालावा. सकाळी ७ ते सायंकाळी ६ या वेळेत दर अर्ध्या तासाने २३ छायाचित्रे होतात; छाटणी ते काढणी १२० दिवस धरल्यास ती २,७६० भरतात आणि सेकंदाला २४ या गतीने जोडल्यास ११५ सेकंदांची चित्रफीत मिळते. पोंगा फुटण्यापासून मण्यांत पाणी उतरण्यापर्यंतचा प्रवास पाहायला एवढा वेळ पुरे आहे. आठ मेगापिक्सेलची पूर्ण आकाराची छायाचित्रे घेण्याचे कारण नाही. २०४८ गुणिले १५३६ हा आकार पुरतो आणि कार्डही लवकर भरत नाही.

फ्लॅश बंद ठेवावा आणि पांढऱ्या रंगाचा समतोल ‘दिवसाचा उजेड’ यावर कायम करावा. तो आपोआप ठरू दिल्यास चित्रफितीत पानांचा रंग दर क्षणाला बदलत राहतो. सीएचडीकेमधून फोकसचे अंतरही कायम करता येते आणि बागेत ते करावेच, नाहीतर वाऱ्याने हललेले एखादे पान पुढे आले की कॅमेरा त्यावरच नजर रोखतो आणि मागचा घड धूसर होतो.

आता खरे कष्टाचे काम, म्हणजे वीज. दोन छायाचित्रांमधल्या अर्ध्या तासातही कॅमेरा जागाच असतो, तो झोपत नाही. त्यामुळे दोन पेन्सिल सेलवर त्याचा पूर्ण दिवस निघेल ही अपेक्षा ठेवू नये. पडद्याचा दिवा स्क्रिप्टमधूनच बंद करावा आणि कॅमेऱ्याची आपोआप बंद होण्याची सोय मेनूतून काढून टाकावी. त्यानंतर बाहेरून वीज द्यावी. आपल्या कॅमेऱ्याला बाहेरच्या पुरवठ्यासाठी खाच आहे आणि त्याला सुमारे ३.१५ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टची लहान बॅटरी, तिला भारित ठेवणारे छोटे सौर पॅनेल आणि मध्ये व्होल्टेज उतरवणारे सर्किट, अशी मांडणी सांगलीतल्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याला समजते. सर्किटचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजल्याशिवाय आणि धन-ऋण टोके तपासल्याशिवाय पिन कॅमेऱ्यात घालू नये. या साऱ्या उद्योगात कॅमेरा कायमचा जाण्याची खरी शक्यता आहे ती येथेच, सॉफ्टवेअरमध्ये नाही. वीज मध्येच तुटल्यास कॅमेरा आपोआप सुरू होणार नाही. कोणीतरी जाऊन बटण दाबावे लागेल. स्क्रिप्ट आपोआप सुरू होण्याची सोय सीएचडीकेच्या मेनूत आधी करून ठेवली असेल, तर बटण दाबण्यापलीकडे त्या माणसाला काही यावे लागत नाही.

बागायतदारांना फवारणीची आठवण करून देण्याची खरे तर गरज नसावी, तरी सांगतो. बोर्डो मिश्रण आणि गंधक यांचा थर भिंगावर बसला तर तो पुसून जात नाही आणि पुसताना काच ओरखडते. म्हणून कॅमेरा पुढे साधी काच लावलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा आणि फवारणीच्या दिवशी डब्यावर पिशवी चढवावी. काच घाण झाली तर बदलता येते. डब्याला बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि त्याचे तोंड उत्तरेकडे करावे, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि मग तो भिंगात शिरत नाही. डबा मंडपाच्या तारेला बांधू नये. घडांचे वजन वाढत जाते तशी तार खाली येते आणि चित्रफितीत सारी बाग तिरकी होत गेलेली दिसते. वेगळा खांब रोवावा.

प्रश्न : मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात अजिंक्यताऱ्याच्या मागे विजा चमकतात, त्यांची छायाचित्रे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हवी आहेत. बटण दाबेपर्यंत वीज निघून जाते. माझ्याकडे एसएक्स मालिकेतला जुना पॉवरशॉट आहे. यावर उपाय आहे का? (एक शिक्षिका)

उत्तर : उपाय दोन आहेत आणि त्यांपैकी कोणता घ्यायचा हे उजेडावर ठरते. संध्याकाळी, आभाळात अजून प्रकाश असताना, सीएचडीकेची हालचाल ओळखण्याची सोय उपयोगी पडते. ती पडद्यावरच्या चित्राचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनाचा उजेड सतत मोजत राहते आणि तो एकदम बदलला की शटर उघडते. वीज एवढी वेगवान असताना हे जमते कसे, असे विद्यार्थी विचारतीलच. त्याचे कारण असे की, आपल्याला एकच वाटणारी वीज पुष्कळदा त्याच वाटेने लागोपाठ होणाऱ्या अनेक झटक्यांची बनलेली असते. पहिल्या झटक्याने कॅमेरा जागा होतो आणि पुढचा झटका त्याच्या हाती लागतो. एकाच झटक्याची वीज असेल तर ती सुटते, त्याला इलाज नाही. फोकस आणि प्रकाशमान आधीच कायम करून ठेवावे, नाहीतर कॅमेऱ्याचा मोलाचा वेळ तेवढ्यातच जातो.

अंधार पडल्यावर हा सारा खटाटोप सोडून द्यावा आणि तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून १० ते १५ सेकंदांची छायाचित्रे एकामागून एक काढत राहावीत. वीज त्यांतल्या एखाद्यात येतेच. सीएचडीके नसते तर येथे एक अडचण आली असती. उघडझाप सेकंदाहून बरीच लांब झाली की कॅननचे हे कॅमेरे शटर मिटून तेवढ्याच वेळेचे आणखी एक काळे छायाचित्र घेतात आणि चित्रातले ठिपके काढण्यासाठी ते मूळ चित्रातून वजा करतात. म्हणजे १५ सेकंदांच्या छायाचित्रानंतर १५ सेकंद कॅमेरा आंधळा असतो आणि नेमकी मोठी वीज तेव्हाच पडते, असे वाटत राहते. सीएचडीकेच्या मेनूतून ही वजाबाकी बंद करता येते. त्याच मेनूतून छायाचित्र डीएनजी या कच्च्या स्वरूपात साठवता येते, आणि आभाळाच्या काळोखातले बारकावे नंतर उजळून पाहायचे असतील तर ते स्वरूप जरूर निवडावे.

ही सारी छायाचित्रे घराच्या आतून, खिडकीतून काढावीत. गच्चीवर, यवतेश्वरच्या घाटात किंवा किल्ल्यावर जाऊन नव्हे, आणि धातूच्या तिकाटण्याशेजारी उभे राहून तर मुळीच नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देते. ते फोनवर असू द्यावे. कॅमेरा स्वतःचे काम स्वतः करत असतो, तेव्हा आपण त्याच्यापाशी थांबण्याची गरजही नाही.

प्रश्न : आम्ही सांगलीत नदीकाठच्या भागात राहतो. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढताना दर दहा मिनिटांनी पातळीचे छायाचित्र काढून ते आमच्या गल्लीतल्या लोकांना पाठवावे, असा विचार आहे. आपण सांगता तो कॅमेरा त्यासाठी चालेल का? (गल्लीतील काही रहिवासी)

उत्तर : छायाचित्रे काढण्यासाठी चालेल, पाठवण्यासाठी नाही. या जुन्या कॅमेऱ्यांना ना सिमकार्ड असते ना वायफाय. छायाचित्रे कार्डावर पडून राहतात आणि ती पाहण्यासाठी पाण्याच्या काठावर जावे लागते, म्हणजे इशारा म्हणून त्यांचा उपयोग शून्य. यूएसबी केबलने कॅमेरा रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकाला जोडला, तर सीएचडीकेपीटीपी या सॉफ्टवेअरने तो संगणकावरून चालवता येतो आणि छायाचित्रे लगेच उतरवून इंटरनेटवर टाकता येतात. परंतु मग वीज आणि जोडणी अशा दोन गोष्टी पुराच्या काळात टिकाव्या लागतात, आणि त्या काळात नेमक्या त्याच जातात. आपल्या कामासाठी कोणाच्या तरी खणात पडलेला जुना अँड्रॉइड फोन जास्त बरा. त्याला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे सिम असते.

शिवाय इशाऱ्यासाठी आपल्या छायाचित्रावर विसंबूही नये. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते, तेथील पातळी प्रशासन पूरकाळात वेळोवेळी जाहीर करते आणि कोयना धरणातून किती पाणी सोडले याची माहितीही जाहीर होते. नदी आपल्या गल्लीशी कधी पोहोचेल याचा अंदाज पुलावरची पातळी आणि कोयनेचा विसर्ग एकत्र पाहूनच बांधता येतो; एका भिंतीवरच्या खुणेचे छायाचित्र फक्त पाणी आले एवढेच सांगते.

सीएचडीकेचा कॅमेरा मात्र दुसऱ्या एका कामासाठी लावून ठेवण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा कोणत्या गल्लीत ते किती वाजता शिरले आणि किती वाजता ओसरले, याबद्दल शेजाऱ्याशेजाऱ्यांतही आज एकमत होत नाही. उंचावरच्या, वीज असलेल्या सुरक्षित खिडकीतून समोरच्या खांबावर रंगवलेल्या फुटांच्या खुणा टिपत राहणारा कॅमेरा अशी नोंद वेळेसह ठेवतो. त्यासाठी कॅमेऱ्याचे घड्याळ आधी फोनशी जुळवून घ्यावे. कॅमेऱ्याच्या टप्प्यात कोणाचे घर किंवा अंगण येत असेल, तर त्यांना विचारून लावावा.

प्रश्न : असा कॅमेरा जुन्या बाजारातून घ्यायचा असल्यास काय पाहावे? ईओएस मालिकेतला कॅमेरा चालेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ईओएसच्या बहुतेक मॉडेलसाठी सीएचडीके नाही; त्यांच्यापैकी काही मॉडेलसाठी मॅजिक लँटर्न हे वेगळे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, आणि त्याची कार्यपद्धती वेगळी असल्याने त्याबद्दल येथे लिहीत नाही. सीएचडीके पॉवरशॉट आणि इक्सस या मालिकांतल्या पुष्कळ मॉडेलवर चालते, सगळ्यांवर नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी मॉडेलचे पूर्ण नाव त्याच्या यादीत आहे का, ते फोनवर पाहून घ्यावे. पेन्सिल सेलवर चालणारे मॉडेल निवडावे, कारण इक्ससची चपटी बॅटरी जुनी झालेली असते आणि नवी अस्सल मिळणे कठीण जाते. दुकानातच कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करून भिंग अडखळत नाही ना, हे पाहावे. भिंगात वाळू गेलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पडद्यावरचा ओरखडा, फुटलेला फ्लॅश किंवा कडेचा उडालेला रंग यांनी आपल्या कामात काही अडत नाही, पण घासाघीस करताना त्यांचा उल्लेख अवश्य करावा. सेलच्या कप्प्याचे झाकण मात्र उघडून पाहावे : आतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा गंज असेल आणि झाकणाची कडी तुटलेली असेल, तर दुसरा नग मागावा.