गावातल्या मेथडिस्ट मंडळीचा १२५ वा वर्धापनदिन: तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा: वाशिम भागातलं गाव, मेथडिस्ट मंडळी साठेक घरांची, त्यातली निम्मी माणसं नागपूर-पुण्याला. चर्चच्या दगडावर एक साल आहे, म्हातारी माणसं दुसरं सांगतात. वर्धापनदिन करायचा आहे, सुरुवात कशापासून करावी?

मंडप, पत्रिका, जेवण सगळं नंतर. आधी साल पक्कं करा. वर्धापनदिनाच्या कमिटीत पहिलं भांडण सालावरूनच होतं, आणि ते पत्रिका छापल्यावर झालं तर मिटत नाही.

एकाच मंडळीच्या चार तारखा निघू शकतात: गावात पहिला बाप्तिस्मा झाला ती, उपासना नेमाने सुरू झाली ती, इमारतीची कोनशिला बसवली ती, आणि इमारतीचं अर्पण झालं ती. दगडावर तिसरी किंवा चौथी असते. दगड इमारतीचं वय सांगतो. त्याआधी लोक कडुनिंबाखाली किंवा कुणाच्या ओसरीवर जमत असतील तर मंडळी त्याहून जुनी. माझ्या मते गावातल्या माणसांच्या बाप्तिस्म्याची पहिली लेखी नोंद धरावी, कारण ती दाखवता येते. कोणतीही धरा, पण ठराव करून मिनिट बुकात लिहा, म्हणजे १५० व्या वर्षी पुन्हा हाच वाद नको.

नोंद शोधायची बाप्तिस्मा रजिस्टरमध्ये. आधीच्या काळात खेड्यातले बाप्तिस्मे सर्किटच्या (एकत्र जोडलेल्या गावांच्या गटाच्या) मुख्य ठाण्यावरच्या रजिस्टरमध्ये चढायचे, त्यामुळे तुमच्या गावचं रजिस्टर १९२० पासून सुरू होत असेल तर मंडळी १९२० ची ठरत नाही. डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट (डी.एस., चर्चच्या डिस्ट्रिक्टचे प्रमुख पाळक) यांच्या परवानगीने जुन्या मुख्य ठाण्याचं रजिस्टर बघा. दुसरी गफलत नकलेची. जीर्ण वही नव्या वहीत उतरवून काढलेली असते. सलग वीस पानं एकाच हाताची, एकाच शाईची दिसली तर ती नक्कल समजा आणि साल एकदा दफन रजिस्टरशी ताडून पाहा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे वऱ्हाडातले मोठे दुष्काळ. त्या दोन-चार वर्षांत मिशनची अनाथालयं भरली आणि नोंदींची गर्दी झाली, म्हणून तिथे एकेक नाव सावकाश वाचा.

जुने कागद शोधताना जुनी नावं माहीत हवीत. इंग्रजी कागदांत वाशिमचं बासिम आहे, अचलपूरचं एलिचपूर, आणि १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचं नाव वणीवरून वुन असं होतं. चर्चचं नावही बदललेलं आहे. १९३९ पर्यंत मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, पुढे मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, आणि ७ जानेवारी १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया. जमिनीच्या कागदावर पहिलंच नाव असलं तर दचकू नका. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, तेव्हा मथळा त्या राज्याचा दिसेल. यवतमाळकडच्या वाचकांसाठी एक सूचना: फ्री मेथडिस्ट हा वेगळा पंथ, उमरीचं मिशन हॉस्पिटल त्यांचं. त्यांचे कागद आपल्या कॉन्फरन्सकडे (आपल्या चर्चच्या प्रादेशिक सभेकडे) मिळणार नाहीत. तुमचे वार्षिक कॉन्फरन्सचे छापील अहवाल मात्र अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठात असलेल्या मेथडिस्ट अभिलेखागारात विचारता येतात. सर्किटचं नाव आणि अंदाजे पाच वर्षांचा टप्पा कळवा; ‘आमच्या चर्चचा इतिहास पाठवा’ एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही.

रजिस्टर सापडलं की लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा जातो. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं दूर. वाळवी भिंतीतूनच येते.

आता कमिटी. अध्यक्ष पाळकसाहेब असले तरी सचिव आणि खजिनदार गावातलेच ठेवा. मेथडिस्ट रीतीत पाळकांची नेमणूक बिशप कॉन्फरन्समध्ये जाहीर करतात, आणि कार्यक्रमाला चार महिने असताना बदली होऊ शकते. सगळे फोन नंबर आणि हिशेब पाळकांच्याच डायरीत असले की कार्यक्रम त्यांच्यासोबत दुसऱ्या सर्किटला जातो. बिशपांना बोलवायचं तर डी.एस. यांच्यामार्फत, निदान सहा महिने आधी, आणि लेखी होकार हातात आल्याशिवाय पत्रिका छापायची नाही. तुमचे पाळक अजून दीक्षित एल्डर नसतील तर प्रभुभोजनासाठी दीक्षित सेवक कोण येणार हेही त्याच पत्रात मागा. पूर्ण सभासदत्वात घेण्याचा विधी मात्र पाळकच करतात, त्यासाठी बिशपांची वाट बघायची गरज नाही. दहा-बारा तरुण तयार होत असतील तर वर्धापनाच्याच रविवारी घ्या. त्यांचा वर्ग तीन महिने आधी सुरू करावा लागेल.

माझ्या दृष्टीने खरं काम आहे सभासद यादीचं. यासाठी मेथडिस्टांकडे जुनं साधन आहे, क्लास मीटिंग. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला सभासदांचे बारा-बाराचे गट केले, दर गटाच्या पुढाऱ्याने प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची. पैसे मागायला दारोदार फिरताना पुढाऱ्यांना घरातली खरी परिस्थिती कळू लागली, आणि वसुलीची ती सोय मंडळीचा कणा झाली. तुमच्या साठ घरांचे पाच गट करा. प्रत्येकात एक पुरुष आणि स्त्री समाजातली (मंडळीतल्या बायकांच्या संघटनेतली) एक बाई. त्यांनी दर घरी बसून चार गोष्टी लिहायच्या: घरातली माणसं, बाहेरगावी कोण आणि त्यांचा फोन, कुणाचा बाप्तिस्मा कुठे झाला, आणि जुना फोटो किंवा कागद काही आहे का. लग्न होऊन गेलेल्या लेकी यादीतून हमखास सुटतात, कारण विचारणारा पुरुष असतो आणि उत्तर देणाराही पुरुषच. म्हणून बाई हवीच.

पैसा याच गटांतून उभा राहतो. घरटी आठवड्याला २० रुपये, साठ घरं, ५२ आठवडे: ६२,४०० रुपये. पण शेतकरी आणि मजूर घरात जुलैत पैसा नसतो, त्यामुळे दर आठवड्याचा तगादा लावला की दोन महिन्यांत माणसं उपासनेलाच येईनाशी होतात. त्यांचा वाटा हंगामाच्या सणाला घ्या. सोयाबीन, कापूस, तूर, कोंबडी, भोपळा, जे असेल ते अर्पण आणि उपासनेनंतर लिलाव. कापूस चर्चमध्ये किंवा पाळकांच्या घरात साठवू नका; एका ठिणगीचं काम आहे. त्याच आठवड्यात विका. सोयाबीन वाळवूनच घ्या, १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की व्यापारी भाव पाडतो. प्रत्येक रकमेला क्रमांकाची पावती, आणि क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच. खजिनदाराच्या खाजगी यूपीआयवर आलेला पैसा कितीही प्रामाणिक असला तरी संशय उभा करतो.

परदेशी पैशाबाबत फार जपा. जुन्या मिशनरींचे नातू-पणतू अशा वेळी आपुलकीने देणगी देऊ करतात. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या खात्यात ती घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. तुमच्याच गावचा मुलगा दुबईत आहे आणि पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) असलं तरी.

दिवस कोणता? मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, पत्र्याच्या चर्चमध्ये माणूस शिजतो. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत मंडपाचे खांब उभे राहत नाहीत आणि गाड्या फसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी. उरतो डिसेंबरचा शेवट, आणि बाहेरगावचे लोकही नाताळालाच घरी असतात. म्हणून मूळ तारीख जुलैत पडत असेल तर त्या दिवशी साधी आभाराची उपासना करा, आणि मेळावा २७-२८ डिसेंबरच्या सुमारास, शनिवार-रविवारी. जे थांबू शकतात त्यांना ३१ च्या रात्रीची जागरण-प्रार्थना आणि करार नूतनीकरणाची (देवाशी केलेला करार पुन्हा ताजा करण्याची) उपासना मिळते. करार उपासना मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ पासून चालवलेली खास मेथडिस्ट रीत आहे, ती वर्धापनदिनाला शोभते.

मुख्य उपासना दीड तासाच्या वर नेऊ नका. सत्कार उपासनेत घुसवू नयेत, ते जेवणाआधी मंडपात. साक्षी पाचच, प्रत्येकी तीन मिनिटं, नावं आधी ठरलेली. माईक मोकळा सोडला की बारा वाजता सुरू झालेल्या साक्षी दोनला संपतात आणि भात थंड होतो. गीतांसाठी नारायण वामन टिळकांची दोन भजनं पेटी-ढोलकीवर घ्या, म्हाताऱ्यांना पाठ असतात. गीतपुस्तकाच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या तर क्रमांक जुळत नाहीत, म्हणून क्रमांकाऐवजी पहिली ओळ छापा. लाऊडस्पीकर आणि मिरवणूक दोन्हींचा अर्ज पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी द्या. रात्री १० नंतर भोंगा बंद. शनिवारची भजनसंध्या त्याच हिशेबाने संपवा.

प्रभुभोजनाचा रस. मेथडिस्ट मंडळीत आंबवलेला द्राक्षारस चालत नाही. गावात काळ्या मनुका मिळतात, त्या पुरतात. ३०० जणांना प्रत्येकी १० मिलि म्हणजे तीन लिटर, सांडासांड धरून साडेतीन. दोन किलो मनुका कोमट पाण्याने दोनदा धुवा, सहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, पहाटे मंद आचेवर पाऊण तास उकळा, चुरडून मलमलीतून दोनदा गाळा. कमी-जास्त पाणी शेवटी घालून माप जुळवा. स्टीलचंच भांडं; पितळेत रस कळकतो. आदल्या सकाळी करून झाकून ठेवलेला रस उबेत आंबायला लागतो, वर फेस दिसला तर फेकून द्या.

जेवणाचं आवतन चुलबंद द्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांना, आणि फक्त आपल्याच घरांना नको. शेजारी, सरपंच, शाळेचे मास्तर, अंगणवाडीच्या ताई सगळ्यांना. म्हणून पंगत शाकाहारी ठेवा, माळकरी माणूसही निर्धास्त बसेल. मटणाचा बेत दुसऱ्या दिवशी आपल्या-आपल्यात करा. ५०० माणसांना तांदूळ ५० किलो, तूरडाळ २० किलो, आलू-वांगे मिळून ७० किलो, पुऱ्यांना कणीक ४० किलो, बुंदी ३० किलो, सगळ्याला मिळून तेल तीन डबे. पोळ्यांचा हट्ट धरू नका. दीड हजार पोळ्या लाटताना स्त्री समाजाची उपासना चुलीसमोरच होते. आचारी सांगा. भात एका गंजात दहा-बारा किलोच्या वर नको, खालचा गिच्च होतो. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळी पडतात. वरण आदल्या रात्री करून घट्ट झाकलं तर सकाळी आंबतं, ते पहाटेच टाका. पिण्याला माणशी दोन लिटर म्हणजे वीस लिटरचे ५० जार, आणि हात-भांडी धुण्याला पाच हजार लिटरचा एक टँकर. बोरवेलवर विसंबू नका, वीज गेली की मोटार बंद.

फलक लावायचा असेल तर ग्रॅनाइटवर नाव, स्थापना साल, वर्धापनाचं साल आणि एबन-एजरचं (‘साहाय्याचा दगड’) वचन, १ शमुवेल ७:१२, एवढंच. वचन पाठावरून सांगू नका, पवित्र शास्त्र उघडून कारागिराला अक्षर-अक्षर दाखवा. कमिटीची नावं दगडावर नकोत, त्याला अंत नसतो. इमारतीला हात लावायचा झाला, अगदी पत्रे बदलायचे झाले, तरी मालमत्ता मंडळीच्या एकट्याच्या नावावर नसते, आधी डी.एस. यांच्याकडून लेखी घ्या. जागा नझूलची (सरकारी) असेल तर पट्ट्याची मुदत याच वर्षी तपासा.

आणि कबरस्तान. बाहेरगावहून येणारा माणूस चर्चमध्ये फोटो काढतो आणि मग आजीची कबर कुठे आहे ते विचारतो. गाजरगवत फुलावर यायच्या आत, सप्टेंबरातच उपटा. दिवाळीनंतर उपटलं तर बी सगळीकडे पडलेलं असतं. मग दफन रजिस्टर घेऊन दोन म्हाताऱ्या माणसांसोबत ओळीने चाला. दगड नसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर चुन्याने क्रमांक घाला, तोच क्रमांक वहीत नावापुढे लिहा, आणि एका मोठ्या कागदावर नकाशा काढून दोन्ही दिवस फाटकाजवळ टांगा. ज्यांची नावं सापडणार नाहीत त्यांनाही क्रमांक द्या.