शेवटचा घोट कधी घेतला?

कोल्हापूर

प्रिय,

वृद्धाश्रमात कामाला लागल्याचं कळलं. दाखल करताना मुलगा म्हणेल, "तात्या घेतात थोडी, इथं आपोआप सुटंल." तिथंच कान टवकार. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत घाम फुटतो, हात थरथरतात. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत. त्यानंतर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात. "वयामुळं चळलेत" म्हणून सोडून दिलं तर जिवावर बेततं.

म्हणून मुलाला बाहेर बसवून विचार: देशी की इंग्लिश, दिवसाला नाइन्टी की क्वार्टर, शेवटचा घोट कधी? "थोडी" हे काही माप नव्हे. वेळ केसपेपरवर लिही आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. पहिले चार दिवस दर चार तासांनी नाडी, बीपी बघ. दोन्ही हात समोर, बोटं पसरून धरायला सांग. वर साधा कागद ठेवलास तर बारीक थरथरही दिसते. फिट, ताप, बरळणं यातलं काहीही दिसलं की १०८ बोलाव आणि थेट सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात ने. सकाळची वाट बघू नकोस. ग्लुकोजचं सलाईन लागत असेल तर आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं का, हे बेधडक विचार. पिणाऱ्याच्या अंगात ते कमी असतं आणि नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला इजा होऊ शकते.

झोपेच्या गोळीचंही तसंच. वर्षानुवर्षं अल्प्राझोलम घेणाऱ्याची पुडी जप्त करू नकोस. अचानक तुटली तर फिट येते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, कधी कधी कित्येक महिने लावून. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी मात्र कुणालाच नको. दारूवर ती पडली तर श्वास मंदावतो.

मिश्रीला तर आपल्याकडं कुणी व्यसन म्हणतच नाही! आज्जींची डबी दिवसात किती वेळा उघडते, मोज. हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दातांच्या डॉक्टरला दाखव.

उशीखाली बाटली सापडली तर जेवणाच्या हॉलमध्ये पंचनामा नको. दार लोटून घे, खुर्ची ओढ, "तात्या, झोप लागत नाही काय?" एवढंच विचार. बहुतेकदा गुडघा ठणकत असतो, नाहीतर बायकोची आठवण. दुखण्याचा इलाज आधी कर. सोडायची तयारी दिसली तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फोन त्यांच्यासमोरच लाव.

आणि रविवारी भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या बघायच्या असतील तर सगळ्यांच्याच बघ, फक्त तात्यांच्या पुतण्याची नको.

तुझी,
ताई