मुलांबरोबर बसून बघता येईल अशी, मैत्रीवरची एखादी रहस्यमालिका सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला 'खुनी कोण' छापाचं काहीतरी हवंय, तुम्हाला रक्ताची थारोळी नकोत, आणि संपल्यावर मनाला बरं वाटलं पाहिजे. म्हणजे मुलाची एक अट आणि तुमच्या दोन. माझ्याकडे एकच नाव आहे: 'इरेज्ड'.

जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशनची मालिका आहे. बारा भाग, प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. २०१६ साली जानेवारी ते मार्च फुजी टीव्हीवर रात्री उशिरा लागायची. केई सान्बे यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेली आहे. मूळ नाव 'बोकु दाके गा इनाई माची', म्हणजे 'फक्त मीच नसलेलं गाव'. त्या नावातली हुरहूर इंग्रजी नावात कुठली यायला!

'अ‍ॅनिमे म्हणजे कार्टून' असं म्हणून सोडून देऊ नका. मीही तसंच म्हणायचो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीतली भाची राहायला आली आणि तिने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला, म्हणून बघितली गेली.

आधीच सांगून ठेवतो, तुमची रक्ताची अट पहिल्याच भागात थोडी मोडते. एक खून आहे. पुढे एका लहान मुलीला तिची आईच मारहाण करते, तेही दिसतं. ते चवीने रंगवलेलं नाही, पण डोळ्याआडही केलेलं नाही. म्हणून मुलाला एकट्याला लावून देऊ नका, शेजारी बसा. दहा वर्षांखालच्या पोरांना मी दाखवणार नाही.

गोष्ट अशी. २००६ साल. सातोरू फुजिनुमा, वय २९. मांगा काढायचं स्वप्न आहे, पण पोट पिझ्झा पोचवण्यावर चालतंय. त्याला एक विचित्र व्याधी म्हणा, वरदान म्हणा: आसपास काही वाईट घडणार असलं की काळ त्याला दोन-चार मिनिटं मागे फेकतो, आणि काय चुकतंय ते शोधून टाळेपर्यंत पुन्हा पुन्हा फेकतो. मग त्याच्या आईचा खून होतो, आळ त्याच्यावर येतो, आणि या वेळी काळ त्याला फेकतो तो थेट अठरा वर्षं मागे. १९८८ चा हिवाळा, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं बर्फाने भरलेलं गाव, पाठीवर दप्तर, पाचवीचा वर्ग. डोकं एकोणतीस वर्षांचं, अंग दहा वर्षांचं. (गाव तोमाकोमाई या बंदराच्या शहरावर बेतलंय. सान्बे तिथलेच.) त्याच हिवाळ्यात त्याच्या वर्गातली कायो हिनाझुकी नावाची मुलगी नाहीशी झाली होती, तिच्या मागोमाग आणखी मुलं. सातोरूच्या लक्षात येतं की आईचा खून आणि हे जुनं प्रकरण एकाच धाग्यात आहेत. कायो वाचली, तर आई वाचेल.

इथपर्यंत ही चांगली थरारकथा झाली. पण मला ती का आवडली ते सांगतो. खुनी एकटी मुलं हेरतो. शाळा सुटल्यावर बागेत एकटी बसणारी, घरी जायला नको असणारी, ज्यांच्याबद्दल 'अजून का आली नाहीत' असं कोणी विचारणार नाही अशी मुलं. मग दहा वर्षांच्या पोराने त्याला अडवायचं कसं? ना पोलीस ऐकणार, ना अंगात ताकद. एकच उपाय उरतो: त्या मुलांना एकटं राहू द्यायचं नाही. शाळेतून बरोबर यायचं, घरी जेवायला बोलवायचं, वाढदिवस साजरा करायचा, आपल्या टोळीच्या अड्ड्यावर न्यायचं. सातोरूचा सगळा 'तपास' एवढाच आहे. कितीतरी गोष्टींत मैत्री तोंडी लावायला असते, इथे तिच्यावाचून कथानकाचं पानही हलत नाही. कोणी एका मुलीला खेळायला बोलावलं नाही, तर तिथे खरोखर जीव जातो.

आणि लेखकाने सातोरूला साधुसंतही केलेलं नाही. सुरुवातीला तो कायोशी बोलतो ते मतलबाने. तिला वाचवायचंय म्हणून दोस्ती, असा सरळ हिशेब. कायोलाही ते कळतं; ती बर्फासारख्या चेहऱ्याने म्हणते, "बाका नानो?" म्हणजे आपल्याकडचं "येडा आहेस का?". (भाचीने ते सुट्टीभर माझ्यावर वापरलं.) गंमत अशी की मोठ्या सातोरूच्या मनातलं वाक्य मधेच छोट्या सातोरूच्या तोंडून निसटतं आणि मग त्याचीच त्रेधा उडते. मनातला आवाज पुरुषाचा, तोंडातला मुलाचा. शिन्नोसुके मित्सुशिमा आणि ताओ त्सुचिया या दोघांनी मिळून तो उभा केलाय, म्हणून म्हणतो, मूळ जपानी आवाजातच बघा.

आता एक प्रसंग. यात खुनी कोण वगैरे काही फुटत नाही, निर्धास्त वाचा. आधी आपल्याला कायोची सकाळ दिसलेली असते. आई झोपलेली, आणि हिच्या वाट्याला न्याहारी म्हणून काय, तर एखादं पाकिटातलं खाणं नाहीतर टेबलावर टाकलेली चिल्लर. मग बऱ्याच घडामोडींनंतर ती एक रात्र सातोरूच्या घरी राहते. सकाळी सातोरूची आई तिच्यापुढे पान मांडते: अंडं, सॉसेज, सॅलड, वाफाळता भात, मिसो सूप. कायो नुसती बघत बसते. कोणी काही बोलत नाही. आणि ती जी रडायला लागते… संवाद नाही, उपदेश नाही, साधी सकाळची न्याहारी. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, चष्मा पुसायचं निमित्त करून आत गेलो.

ही सातोरूची आई, साचिको, हे सगळ्या मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. एकटीने मुलगा वाढवलेली, मुलाच्या मनातलं त्याच्या आधी ओळखणारी. तो तिला मनातल्या मनात चेटकीण म्हणतो. पोरगा रात्री-अपरात्री कुठे जातो, फ्रिजमधलं खाणं कुठे गायब होतं, हे ती बघत असते आणि गरज पडेपर्यंत तोंड उघडत नाही. ती दारात येऊन उभी राहिली की बघणाऱ्यालाही हायसं वाटतं.

दुसरं पात्र केन्या. सातोरूचा मित्र, वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. कायोच्या अंगावरचे वळ त्याला आधीच दिसलेले असतात. तो न दिसल्यासारखं करतो, आणि सातोरू पुढे झाल्यावर त्याला स्वतःची शरम वाटते. हे मला बोचलं, कारण १९८८ साली मीही तिसरीत होतो. आमच्या वर्गात एक मुलगा उन्हाळ्यातही फुल बाह्यांचा शर्ट घालून यायचा. एकदा पाटी पुसताना बाही वर गेली, मी बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी माझी पाटी पुसायला लागलो. चौथीत तो नव्हता. कुठे गेला ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. केन्याचा तो प्रसंग चालू असताना भाची म्हणाली, "मामा, तू एवढा गप्प का झालास?" तिला सांगितलं नाही, इथे मात्र लिहून बसलो.

मालिका नुसती गोडगोड नाही, हेही सांगायला हवं. गावात युकी नावाचा एक तरुण असतो, एकट्या मुलांशी बोलणारा, त्यांना मित्र कसे करायचे ते सांगणारा. पोलीस त्यालाच पकडतात, आणि त्याला फाशीची शिक्षा होते. चांगुलपणा हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. दुसरं, कायोवर जेवणाच्या पैशांच्या चोरीचा खोटा आळ घेणारी एक मुलगी आहे. तिचं पितळ उघडं पडतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, पण मग वर्गात तीच एकटी पडते. आणि या गोष्टीत एकटं पडणं म्हणजे काय, हे एव्हाना आपल्याला कळलेलं असतं. सातोरूला तिचीही काळजी करावी लागते. अगदी कायोच्या आईलाही लेखक नुसती राक्षसीण म्हणून सोडत नाही. ती अशी का झाली हे तिची स्वतःची आई येऊन सांगते. मारहाण माफ होत नाही, पण तिचं मूळ दिसतं.

उणिवा? आहेत. खुनी कोण हे भाचीने चौथ्या भागातच सांगून टाकलं. मी तिसऱ्यात ओळखलं होतं, पण बोललो नाही. पात्रं मोजकी, त्यामुळे संशय घ्यायला माणसंच उरत नाहीत. मुलाला कोडंच हवं असेल तर तो नाक मुरडेल. शेवटचे दोन भाग तर घाईत उरकलेत. मांगाही त्याच मार्चमध्ये संपत होता, त्यामुळे बऱ्याच गोष्टींना कात्री लागली आहे. खुनी माणसाचं मन तर अर्धंमुर्धंच कळतं. ती कसर भरून काढायची असेल तर नेटफ्लिक्सने २०१७ साली खऱ्या नटांना घेऊन केलेली बारा भागांचीच मालिका आहे, ती मांगाला जास्त धरून चालते. पण आधी अ‍ॅनिमे बघा.

दोन बारीकसारीक गोष्टी. १९८८ मधली दृश्यं सुरू झाली की पडद्याला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. टीव्हीचं सेटिंग बदलायला जाऊ नका, आम्ही दहा मिनिटं त्यात घालवली. आणि सुरुवातीचं शीर्षकगीत दर वेळी पुढे ढकलू नका. निदान अकराव्या भागात तरी ते पूर्ण बघा, आणि मालिकेचं जपानी नाव आठवा.

सात, आठ, नऊ हे भाग सलग बघा, मधे थांबवणार नाही तुम्ही. फक्त जेवून बसा. ती न्याहारी आम्ही रात्री साडेअकराला बघितली, आणि त्यानंतर मला उठून पोहे करावे लागले.