आमरस आणि जांभळाचा रस वर्षभर टिकवायचा, पण रंग आणि वास जाऊ द्यायचा नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात तुमचा महिला बचत गट आहे. मे महिन्यात काढून फ्रीझरमध्ये ठेवलेला हापूसचा रस दिवाळीपर्यंत काळपट पडला आणि बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटलं. जांभळाच्या रसात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रस टिकवायची पूड) घातलं तर रंगच उडाला. आता रस न तापवता, त्यात काहीही न घालता टिकवता येतो का, असं तुम्ही विचारलंय.

येतो, पण त्याचं यंत्र कोटींच्या घरात जातं. तुमच्या हातात जे आहे त्यातही रस चांगला टिकतो. फक्त उष्णतेबद्दलची एक समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल.

मी महाप्याच्या एमआयडीसीत फळांच्या पल्पच्या कारखान्यात क्वालिटी बघते. बाहेर कुठेही विषय निघाला की लोक म्हणतात, ‘गरम केलं की सत्त्व जातं.’ हे अर्धंच खरं आहे. सत्त्व जातं ते सावकाश गरम केल्यामुळे, आणि त्याहून जास्त, सावकाश गार होऊ दिल्यामुळे. तापमान १० अंशांनी वाढवलं की जंतू मरायचा वेग साधारण दहापट होतो. क जीवनसत्त्व किंवा रंग नासायचा वेग मात्र तेवढ्याच वाढीला दोन-तीन पटच होतो. म्हणून मंद आचेवर अर्धा तास रटरटत ठेवलेला रस शिजल्यासारखा लागतो, आणि ९० ते ९५ अंशांवर अर्धा-एक मिनिट धरून लगेच गार केलेला रस जवळपास ताज्यासारखा राहतो. आमच्याकडची सगळी यंत्रं याच हिशोबावर चालतात. पल्प नळ्यांमधून पातळ थरात जातो, झटकन तापतो, ठरलेला वेळ तापमान धरतो, झटकन गार होतो आणि आधीच निर्जंतुक केलेल्या पिशवीत हवा न लागता भरला जातो. साधारण २१५ किलोचा असा ड्रम कोणतंही प्रिझर्वेटिव्ह न घालता दीड वर्ष टिकतो. तेव्हा टेट्रापॅकवर ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ लिहिलेलं दिसलं तर ती थाप आहे असं समजू नका.

आता तुमचा फ्रीझरमधला हापूस. थंडीत जंतू वाढत नाहीत, पण फळातली एन्झाइम, म्हणजे रंग-चवीत बदल घडवणारी द्रव्यं, मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. डब्यात वर राहिलेली हवा आणि ही सुस्त एन्झाइम मिळून पाच-सहा महिन्यांत रंग काळपट करतात. पाणी सुटलं त्याचं कारण वेगळं. दोन लिटरचा डबा घरच्या फ्रीझरमध्ये गोठायला फार वेळ घेतो, मग बर्फाचे खडे मोठे होतात आणि गराची बांधणी फाडतात. दोन्हीवर इलाज एकच, पुन्हा वेगाचा. एका वेळी किलोभरच रस घ्या, स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत ८५ ते ९० अंशांपर्यंत न्या, मिनिटभर धरा आणि पातेलं तसंच बर्फाच्या पाण्यात उतरवून ढवळत गार करा. थर्मामीटर घ्याच, अंदाजाने हे काम होत नाही. मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या झिपच्या पिशव्यांत भरा, तळहाताने दाबून हवा पूर्ण काढा आणि पिशव्या आडव्या, एकावर एक न रचता गोठवा. बोटाएवढी जाडी असेल तर त्या लवकर कडक होतात. दुसऱ्या दिवशी हव्या तशा रचा. तापवल्याने हापूसचा अगदी वरचा, सुटा सुगंध थोडा जातो, हे मान्य करते. तो हवाच असेल तर काही पिशव्या न तापवता गोठवा आणि श्रावणाच्या आत संपवा.

पण या सगळ्याच्या आधी फळ. वाशीच्या बाजारात मे महिन्याच्या शेवटी भाव उतरतो आणि कॅनिंगचा आंबा यायला लागतो. त्याचा आकार लहान असेल, सालीवर डाग असतील, तरी काही बिघडत नाही. बिघडवतो तो साका. बाहेरून देखणं फळ कापलं की बाठीजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर दिसतो, तो हापूसला शापच आहे. हाताने रस पिळणाऱ्यांना तो कळत नाही, तो तसाच रसात उतरतो आणि सगळ्या घाण्याची चव उतरवतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक फळ कापून बघतात, मगच ते पल्परमध्ये जातं. तुम्हीही पिळण्याऐवजी कापा. डेखाचा भाग काढून टाका, म्हणजे चीक रसात जात नाही. कापल्यापासून तापवेपर्यंत रस घमेल्यात तासन्‌तास पडून राहू देऊ नका. दहा जणी कापतायत आणि गॅस एकच, असं असेल तर कापणं थांबवा, रसाला वाट बघायला लावू नका.

बाटलीत भरून फ्रीजबाहेर ठेवायचा असेल तर एक आकडा पाठ हवा: पीएच ४.६. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस जास्त आंबट. ४.६च्या वर बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणारा क्लॉस्ट्रिडियम जंतू हवाबंद बाटलीत वाढू शकतो, आणि त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. आंबट फळांत तो वाढत नाही, म्हणून तिथे पाश्चरायझेशन, म्हणजे १०० अंशांच्या आत तापवून जंतू मारणं, पुरतं. हापूसच्या रसाचा पीएच बहुधा ४च्या आसपास असतो, पण पूर्ण पिकलेल्या, हंगामाच्या अखेरच्या फळात तो वर सरकतो. तो मोजून, किलोला साधारण ३ ते ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ४च्या खाली आणा. त्यासाठी रंगाच्या पट्ट्या वापरू नका, केशरी रसात त्या नीट वाचता येत नाहीत. खिशात मावणारा डिजिटल मीटर घ्या आणि त्याचं कॅलिब्रेशन करत जा. रस ८५ अंशांच्या वर असतानाच निर्जंतुक केलेल्या बाटलीत भरा, झाकण लावा, बाटली मिनिट-दोन मिनिटं आडवी धरा म्हणजे मानेलाही तो ताप लागेल. घरगुती भरणीत हवेचा संपर्क येतोच, म्हणून भरलेली बाटली आणखी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. मग कोमट पाण्यात आणि नंतर गार पाण्यात. ही शेवटची पायरी बहुतेक घरांत चुकते. बाटल्या ओट्यावर तशाच रात्रभर ठेवतात, मधला रस कित्येक तास ६०-७० अंशांवर राहतो आणि सकाळी तपकिरी छटा दिसली की दोष उकळण्याला देतात.

याच ४.६च्या कारणाने एक गोष्ट हात जोडून सांगते: उसाचा रस, शहाळ्याचं पाणी, कलिंगडाचा रस या पद्धतीने बाटलीबंद करून बाहेर ठेवू नका. त्यांचा पीएच ५ किंवा त्याहूनही वर असतो. कितीही गोड दिसला तरी तो धंदा तुमच्या स्वयंपाकघराचा नाही.

जांभळाचं गणित निराळं. बदलापूर, शहापूर, मुरबाडकडून येणारं जांभूळ तुम्हाला जूनमध्ये दारात मिळतं, हे तुमचं भाग्य आहे, मोठ्या कारखान्यांना ते इतकं ताजं मिळत नाही. त्याचा जांभळा रंग ॲन्थोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. केएमएसमधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड नेमका त्यांनाच पांढरा पाडतो, म्हणून तुमचा रंग उडाला. जांभूळ, कोकम, डाळिंब यांना केएमएस लावायचंच नाही. प्रिझर्वेटिव्ह घालायचंच असेल तर सोडियम बेंझोएट, तेही एफएसएसएआयने (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) तुमच्या उत्पादनाला ठरवून दिलेल्या मर्यादेत, ग्रॅमच्या काट्यावर मोजून आणि लेबलवर लिहून. बेंझोएट आंबट रसातच काम करतं. ते घातलं तर क जीवनसत्त्वाची पूड वेगळी घालू नका, दोन्ही एकत्र आले की बेंझीन तयार होण्याचा धोका असतो. उलट आंब्याच्या किंवा लिंबाच्या स्क्वॉशला केएमएस योग्य, कारण ते एन्झाइमनी होणारं काळपटणंही रोखतं. फक्त दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून ते लेबलवर ठळक हवं.

रंग भरपूर हवा असेल तर चुरडलेलं जांभूळ सालीसकट ६०-७० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवून मग गाळा. रंग सालीत असतो, थंड पिळलं तर निम्मा चोथ्याबरोबर जातो. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं जवळही आणू नका, रस निळसर-काळा पडतो. बाटली गडद रंगाची घ्या किंवा खोक्यात ठेवा, उजेडाने हा रंग विटतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी कोकमाचं आगळ मिठावर आणि अमृत कोकम साखरेवर टिकवलं, तेही पक्कं शास्त्र आहे. मीठ आणि साखर पाणी धरून ठेवतात, जंतूंना ते मिळत नाही. तुम्हाला वीज, फ्रीझर, मीटर यांची झंझट नको असेल तर जांभळाचा घट्ट साखरपाक करून विका. त्यात कमीपणा काही नाही.

काही फळांना मात्र ताप सोसतच नाही, आणि तिथे मी कुणाशीही वाद घालणार नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि गुलाबी पडतो, म्हणून तो गोठवूनच विकला जातो. मोसंबीचा रस तर नुसता ठेवला तरी काही वेळाने कडू होतो, कारण रसाच्या आंबटपणात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं, आणि ताप दिला की ते आणखी लवकर होतं. मोसंबी ताजीच प्यावी.

तुम्ही ‘कोल्ड प्रेस्ड’ रसाबद्दलही विचारलंत. त्याचा अर्थ एवढाच की रस दाबून काढला. तो टिकाऊ झाला असं नाही, सुरक्षित झाला असं तर मुळीच नाही. १९९६ साली अमेरिकेत पाश्चराइझ न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय हा जंतू पसरला, कित्येक जण आजारी पडले आणि एक लहान मुलगी दगावली. त्यानंतर तिथे नियम आला की रसातला धोकादायक जंतू एक लाखातला एक उरेल इतकी प्रक्रिया हवीच. न तापवता हे साधणारं तंत्र म्हणजे अतिदाब प्रक्रिया: भरलेल्या बाटल्या पाण्यात बुडवून हवेच्या दाबाच्या जवळपास ६००० पट दाब द्यायचा. जंतू मरतात, वास आणि जीवनसत्त्वं बहुतांशी शाबूत राहतात. जपानमध्ये १९९० साली असे जॅम बाजारात आले. पण काही एन्झाइम आणि बीजाणू या दाबालाही पुरून उरतात, म्हणून तो रस शेवटपर्यंत फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. ज्या कोल्ड प्रेस्ड बाटलीवर अशा प्रक्रियेचा उल्लेखही नाही, ती दोन-तीन दिवसांत, कायम थंड ठेवून संपवावी, आणि गरोदर बायकांना, लहान मुलांना देऊच नये.

साठवणीबद्दल थोडं. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ठेवलेला डबा आणि गार खोलीतला डबा सहा महिन्यांनी शेजारी शेजारी फोडून बघा, एकाच दिवशी भरलेले आहेत यावर विश्वास बसणार नाही. दर १० अंशांना तपकिरी पडायचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. पोटमाळ्यावर ठेवू नका. घरातली सगळ्यांत गार, काळोखी जागा शोधा.

विकायला सुरुवात करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करा, आणि जमलं तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत छोटं प्रशिक्षण घ्या. प्रत्येक घाण्याचा पीएच, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), तापमान आणि तारीख वहीत लिहा. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर फार महाग नसतो, आणि गोडी दर वेळी सारखी राहिली तरच गिऱ्हाईक परत येतं. प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या विकायच्या नाहीत. त्या ३५-३७ अंशांच्या उबेत दोन आठवडे ठेवायच्या आणि रोज बघायच्या. झाकण फुगलं, बुडबुडे दिसले, रस फाटला किंवा वर पांढरी बुरशी आली, तर तो अख्खा घाणा फेकायचा, चाखून बघायचासुद्धा नाही. दोन आठवडे सगळ्या शांत राहिल्या तरच बाकीच्या बाटल्यांना लेबल लावा.