परसबागेतल्या टोमॅटो-मिरचीचा वाण दुकानात ठरवू नका

मृगाच्या तोंडावर परसबागेचे प्रश्न येतात आणि त्यांतले निम्मे मिरची-टोमॅटोचे असतात. यंदा आलेल्यांपैकी काही इथे घेतो. वाफा कसा करायचा, पाणी कधी सोडायचं हे कापूस-केळी पिकवणाऱ्याला सांगायची गरज नाही. परसबाग बिघडते ती तीन ठिकाणी: वाणात, वेळेत आणि औषधाच्या दुकानात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या परसांत मी हेच पाहत आलो आहे.

शहाद्याहून एका भाऊंचा प्रश्न: "घरापुरती वीस-पंचवीस टोमॅटोची झाडं लावायची आहेत. दुकानदार म्हणतो, साध्या वाणाला आता फळच धरत नाही, संकरितच घ्या. कोणतं घ्यावं?"

साधाच घ्या. सरळ वाण, म्हणजे ज्याचं घरचं बी धरलं तरी पुढच्या वर्षी तसंच झाड येतं. दुकानदार सांगतो ते खोटं आहे. संकरित टोमॅटो बाजारासाठी निवडलेला असतो. साल जाड, फळ टणक, क्रेटमध्ये भरून गाडीत टाकलं तरी फुटायला नको. त्याची भूकही मोठी. शिफारसच बघा: सरळ वाणाला हेक्टरी २०० किलो नत्र, संकरिताला ३००. तुम्हाला घरी रोज चार टोमॅटो हवेत, ते फोडणीत पटकन गळले पाहिजेत आणि तोडा लांबला पाहिजे. शिवाय दहा ग्रॅमच्या पाकिटात अडीच-तीन हजार बिया असतात. पंचवीस झाडांसाठी तुम्ही अख्ख्या पाकिटाचे पैसे मोजणार आणि उरलेलं बी फळीवर पडून मरणार.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे दोन सरळ वाण आहेत. खानदेशातल्या परसासाठी मी पहिल्यांदा धनश्री सांगतो, कारण पानं गोळा होण्याच्या रोगापुढे तो बऱ्यापैकी टिकतो. भाग्यश्रीचा रंग गडद लाल, त्यात लाल रंग देणारं लायकोपीन जास्त. चटणी, सॉस, घट्ट रस्सा करणाऱ्यांनी तो घ्यावा. पुसा रुबी जुना वाण, फळ चपटं, रेघा पडलेलं आणि आंबट. आमटीला आंबटपणा हवा असेल तर त्याच्यासारखा नाही. पाण्याची ओढ असलेल्या घरी बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का विकास लावा, तो ताण सोसतो.

पानं गोळा होण्याच्या रोगाबाबत अपवाद एकच. घराच्या तिन्ही बाजूंना कापूस आहे, हा रोग पसरवणारी पांढरी माशी दरसाल उतरते आणि टोमॅटो दरसाल गोळा होऊन जातो, अशा ठिकाणी सरळ वाणाचा हट्ट धरू नका. तिथे राहुरीचा फुले राजा किंवा बंगळूरचा अर्का रक्षक घ्या. अर्का रक्षक पानं गोळा होणं, जिवाणूजन्य मर (झाड कोमेजून जाणं) आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. दोन्ही संकरित आहेत, म्हणून त्यांचं घरचं बी धरू नका. पुढच्या वर्षी एका वाफ्यात चार जातींची झाडं दिसतील.

पाकिटावरचं चित्र पाहून बी घेऊ नका. लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवण टक्का आणि मुदत वाचा. टोमॅटोची उगवण किमान ७० टक्के आणि मिरचीची किमान ६० टक्के असायला हवी. बिल देत नसेल तर बी घेऊ नका. सरळ वाणासाठी आधी विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर किंवा मामुराबाद, पाल, धुळे, नंदुरबार इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा. बाजाराच्या दिवशी टोपलीत विकायला आलेली रोपंही नकोत. वाण विचारला तर "एक नंबर आहे" एवढंच उत्तर मिळतं, आणि पांढरी माशी त्या रोपांबरोबर फुकट घरी येते. रोप घरीच करा. एक हात लांबीचा गादीवाफा, त्यावर बारीक जाळीचं नायलॉन कापड, कडा मातीत दाबलेल्या. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवस आणि मिरचीचं ३५ ते ४० दिवस जाळीखालून काढू नका. हे मी प्रत्येक गावात सांगतो आणि पुन्हा सांगेन: लहानपणी जे रोप माशीपासून वाचलं, त्याच्यावर पुढे निम्मी औषधं लागतच नाहीत.

भुसावळहून प्रश्न: "जानेवारीत ढोबळी मिरची आणि टोमॅटो लावले. मार्चपासून फुलं गळतात, जे टोमॅटो आले ते पिवळेच राहिले. दुकानातून टॉनिक आणून तीनदा मारलं. आता कोणतं मारू?"

कोणतंच मारू नका. झाडाला काही झालेलं नाही, तुमची वेळ चुकली आहे. टोमॅटोला रात्र १५ ते २० अंशांची लागते. दिवस ३८ च्या वर आणि रात्रही तापलेली असेल तर परागकण मरतात आणि फूल देठापासून सुटतं. ढोबळी त्याहून नाजूक, ३२-३५ लाच हात टेकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. तिथे टॉनिकची बाटली काय करणार? फळ पिवळं राहिलं तेही उन्हामुळेच; ३० अंशांच्या वर लाल रंग तयार होणं मंदावतं. ते खायला चांगलं आहे, टाकू नका.

फुलगळ थांबवणारं संजीवक म्हणून जे देतात, त्याचं प्रमाण लिटरला अर्ध्या मिलिलिटरच्याही आत असतं. तुम्ही ते झाकणाने मोजता. झाकणात दहापट जातं, मग शेंडे पिळवटतात आणि दुकानदार त्या पिळवटलेल्या शेंड्यांसाठी चौथी बाटली देतो. मापाचं साधन घरात नसेल तर संजीवक घरात आणू नका.

खानदेशात घरचा टोमॅटो हे हिवाळ्याचं पीक आहे. बी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाका, लागवड दसऱ्याच्या मागेपुढे करा, डिसेंबरपासून होळीपर्यंत खा. त्यानंतर झाड उपटा. एप्रिलमध्ये ते जगवण्यासाठी जे पाणी घालता, तेवढ्यात गवार-भेंडीचा वाफा निघतो. ढोबळीची वेळही हीच, वाण कॅलिफोर्निया वंडर, दुपारच्या उन्हाला शेडनेट. पण खरं विचाराल तर परसात ढोबळीच्या नादी लागू नका. भरून करायची असेल तर भाजीची लांब, जाड मिरची लावा. कष्ट निम्मे, फळं दुप्पट.

एरंडोल तालुक्यातून प्रश्न: "मिरची आणि टोमॅटो दोन्हीची पानं आखडली. दुकानदाराने फोटो पाहून वायरस सांगितला आणि तीन औषधं एकत्र करून दिली. फरक नाही."

फोटो पाहून औषध देणाऱ्याच्या दुकानात परत जाऊ नका. मिरचीचं पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं तर फुलकिडे. खाली उलट्या होडीसारखं वळलं आणि देठ लांबला तर कोळी ही बारीक कीड. दोघांना एकच औषध चालत नाही. कोळी असताना सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं तर कोळी उलट वाढतो. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी किंवा उतरत्या उन्हात; भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. आणि खरोखर विषाणू असेल तर त्याला औषधच नाही, एक नाही आणि तीन एकत्र करूनही नाही. झाड उपटून खड्ड्यात पुरा, बाकीच्यांना वाचवा.

पण भाऊ, मिरची आणि टोमॅटो दोन्ही एकाच आठवड्यात आखडले असं तुम्ही लिहिता, तेव्हा माझा पहिला प्रश्न पंपाचा आहे. हाच पंप तणनाशकाला वापरला होता का? गहू-ज्वारीत मारलेल्या टू-फोर-डीचा अंश नळीत राहिला तरी टोमॅटोचं पान दोरीसारखं अरुंद होतं, शिरा समांतर दिसतात, शेंडा पिळतो. हुबेहूब वायरस वाटतो. शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेला फवाराही पुरतो. असे कितीतरी "वायरस" मी पाहिले, ते सगळे पंपातून आले होते. धुतलेल्या पंपावर भरवसा ठेवू नका. परसबागेला वेगळा, हाताने दाबायचा दोन लिटरचा पंप घ्या आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका.

कपाशीच्या औषधाची उरलेली बाटली परसात आणू नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, तरी "थोडंच राहिलंय" म्हणून मारणारे भेटतात. तुमच्या घरातली लेकरं चालता चालता तो टोमॅटो तोडून खातात, न धुता. परसात निंबोळी अर्क पुरतो: अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घाला, सकाळी गाळून दहा लिटर करा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी फवारा. दर आठ-दहा दिवसांनी, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. निंबोळ्या आता झाडाखाली पडू लागतील. आत्ताच वेचून सावलीत वाळवून ठेवा, दिवाळीत शोधायला जाऊ नका.

खताचंही तेच. मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्राचा हिशेब धरला तर ६० बाय ४५ सेंटीमीटरवरच्या एका झाडाला अख्ख्या हंगामात युरिया येतो सुमारे सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा, तोही तीन वेळा विभागून. शेणखत भरपूर घातलं असेल तर त्याच्याही निम्मा. तुम्ही बुडाशी मूठ सोडता. मग झाड हिरवंगार, फळ नाही, आणि सगळा मावा तुमच्याकडे.

साक्री आणि पारोळ्याचे दोन छोटे प्रश्न एकत्र घेतो: वांग्याच्या जागी टोमॅटो लावावा का आणि त्याला आधार कशाचा द्यावा, आणि परसबागेला अनुदान मिळतं का. भरिताच्या वांग्याच्या वाफ्यात वांगं काढून लगेच टोमॅटो लावू नका. वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा हे एकाच कुळातले; मर आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी मातीत वाट पाहत असतात. मध्ये मेथी, कांदा, चवळी जाऊ द्या, कडेने झेंडू लावा. आधाराला कापसाच्या पऱ्हाट्या नकोत, न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते आणि तुम्ही तिला पुढच्या हंगामापर्यंत घरात सांभाळता. तुराट्या वापरा. बुडाशी केळीची वाळलेली पानं अंथरा, ओल टिकते आणि फळाचं बूड काळं पडणं कमी होतं. ते पाण्याच्या अनियमिततेने होतं, बुरशीनाशकाने जात नाही. अनुदानाचं विचारलंत: वैयक्तिक परसबागेपेक्षा बचत गटातून उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात चौकशी करा, गावच्या समूह संसाधन व्यक्ती सांगतील.

चोपड्याहून एका ताईंचा प्रश्न: "ठेच्याला, भरिताला आणि वर्षाच्या मसाल्याला, सगळ्याला एकच मिरची लावता येईल का? ढोबळीशेजारी लावली तर ढोबळी तिखट होते म्हणतात. आणि बी घरचं धरलं तर चालेल का?"

एकच नको ताई. ठेच्याला राहुरीची फुले ज्योती लावा, गुच्छात येते, पाच-सहा झाडं एका घराला पुरतात. भरिताला पुसा ज्वाला. लांब, सुरकुतलेली, पातळ सालीची, वांग्याबरोबर विस्तवावर लवकर भाजते. एखाद-दुसरं झाड पुसा सदाबहारचं न्हाणीच्या पाण्यावर लावा, आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्या देतं आणि छाटत राहिलात तर दोन-तीन वर्षं टिकतं. मसाल्याची लाल मिरची मात्र परसात होणार नाही, तेवढी जागा नाही. ती नंदुरबारच्या बाजारातून घ्या. बी याच आठवड्यात टाका, जुलैत लागवड होईल.

ढोबळी शेजारच्या मिरचीने त्या वर्षी तिखट होत नाही. फळाची भिंत आईच्या झाडाची असते, परागाचा परिणाम फक्त आतल्या बीवर. पण तेच बी पुढच्या वर्षी लावलं तर तिखट ढोबळी निघू शकते. घरचं बी धरताना म्हणूनच काळजी हवी. टोमॅटो स्वतःच्याच परागाने फळतो, त्याचं बी सोपं: पिकलेलं फळ निवडा, गर पेल्यात एक दिवस आंबू द्या, धुऊन सावलीत वाळवा. मिरचीवर मधमाश्या फिरतात. चांगल्या, निरोगी झाडाची एक फांदी निवडा, कळ्या उमलण्याआधी तिच्यावर मलमलची पिशवी बांधा, रोज सकाळी फांदी हलकेच हलवा. फळं धरली की पिशवी काढा आणि त्या फळांना लाल दोरा बांधा, म्हणजे सासूबाई तोडणार नाहीत. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, सावलीत वाळवा, बी काढून राखेत घोळा आणि डब्यावर वाणाचं नाव आणि महिना लिहा. पुढच्या मेमध्ये दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवा. बारा दिवसांत सहा उगवल्या तर तेच बी पेरा.