'डायोरामा'ला 'देखावा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी खोक्यात जंगलाचा डायोरामा मांडलाय. फलकावर 'प्रतिकृती' लिहावं, 'उठावशिल्प' की 'देखावा'?

'देखावा' लिहा. प्रतिकृती एखाद्या वस्तूची असते, धरणाची किंवा देवळाची, आणि ती चहूबाजूंनी फिरून पाहता येते. डायोरामात प्रसंग किंवा परिसर असतो आणि तो समोरूनच पाहायचा. उठावशिल्पही समोरूनच बघतात, पण त्यातल्या आकृती मागच्या फलकातूनच वर आलेल्या असतात. डायोरामात त्या सुट्या उभ्या असतात आणि मागचा रंगवलेला पडदा वेगळा असतो.

गंमत म्हणजे मुळात या शब्दाचा शिल्पाशी संबंधच नव्हता. दागेर आणि बूताँ या फ्रेंच चित्रकारांनी १८२२ साली पॅरिसमध्ये 'डायोरामा' सुरू केला, तो म्हणजे भल्यामोठ्या कापडावरचं चित्र. त्यावर पुढून-मागून उजेड बदलत राहायचा. ग्रीक 'दिआ' म्हणजे आरपार, 'होरामा' म्हणजे दृश्य. पेंढा भरलेले प्राणी आणि खरी माती संग्रहालयांनी पुढे आणली.

'समोरूनच' यावर भर देतोय, कारण सगळी करामत त्यावरच चालते. पुढचा माणूस १:२४ या प्रमाणात केला, तर साडेपाच फुटांचा माणूस ७ सेंटिमीटरचा होतो. मागच्या रांगेत १:४८ घेतलं की साडेतीन सेंटिमीटर. त्यामुळे दीड फूट खोलीच्या खोक्यात मैदान लांबवर पसरल्यासारखं वाटतं. क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. ती वर गेली तर जमीन पडद्यावर चढल्यासारखी दिसते. पडदा कोपऱ्यात दुमडू नका, गोलाकार वाकवा, नाहीतर आभाळात उभी रेघ उमटते. शेवटचं झाड आणि पडदा यांत चार बोटं अंतर ठेवा आणि दिवा वरून, पुढच्या कडेला लपवा. झाडाची सावली आभाळावर पडली की खेळ खलास.

आकृतींसाठी शिल्पकार तारेचा सांगाडा करतात, त्याला 'आर्मेचर'ही म्हणतात. पण तो शाडूत तसाच ठेवून वाळवला तर भेगा पडतात, कारण माती आकसते आणि तार आकसत नाही. लहान आकृतीला सांगाडा नकोच. त्याऐवजी मातीत कागदाचा लगदा मळा.

'देखावा'वर एक हरकत रास्त आहे: गणेशोत्सवात जिवंत माणसं उभी करतात तोही देखावाच, आणि 'नुसता देखावा' म्हणजे ढोंग. म्हणून फलकावर 'जंगलाचा देखावा' असं विषयासकट लिहावं. संग्रहालयशास्त्राच्या लेखनात मात्र 'डायोरामा'च ठेवावा, तिथे अर्थ नेमका लागतो.

दिवाळीतला किल्ला यात बसतो का, असंही कुणी विचारेल. तो तीन बाजूंनी बघतात, पडदा नसतो, शिवाय मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणाची तक्रार नसते. त्याला किल्लाच म्हणावं.